यहुदी विवाहांतील मंगलवाद्यें

आपल्याकडील विवाहांत वाद्यांचें स्थान कोणतें, असा प्रश्न कोणीं केला तर बहुतेक गृहस्थ क्षणभर गोंधळतील. सनई-चौघडा हवाच, एवढें सर्वांस ठाऊक असतें. परंतु तो केव्हां वाजावा आणि केव्हां थांबावा याचा विचार आतां सहसा कोणी करीत नाहीं. अंतरपाट धरलेला असतांना मंगलाष्टकांखेरीज दुसरा आवाज नसावा, आणि तो दूर होतांच वाजंत्र्यांनीं एकदम उठावें, ही जुनी शिस्त कांहीं जाणतीं घरें अद्याप पाळतात. इतरत्र मात्र कार्यालयाच्या कोपऱ्यांत एक यंत्र ठेवावें, त्यांत एकाद्या थोर सनईवादकाचें मुद्रित वादन लावून द्यावें आणि यजमानांनीं पंक्तीच्या व्यवस्थेकडे वळावें, असा प्रघात पडला आहे. यंत्र बिचारें सुरांत चुकत नाहीं. पण त्यास मुहूर्त कळत नाहीं. भटजींचें ‘सावधान’ व्हावयाचें असतांना तें द्रुत लयींत शिरलेलें असतें आणि अक्षता पडतात त्या वेळीं नेमकें आलापीस बसलेलें असतें.

हा विषय मनांत घोळत असतांनाच तो एका अगदीं निराळ्या बाजूनें आमच्या दाराशीं आला. आमच्या हाताखालीं शिकून गेलेल्या एका बेने इस्राएल गृहस्थांच्या कन्येचा विवाह गेल्या हिंवाळ्यांत ठाण्यास झाला. जुन्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील वाचकांस हा समाज नवीन नाहीं. अलिबाग, रेवदंडा, पेण, नवगांव या बाजूस पिढ्यानुपिढ्या तेलाचा घाणा चालविणारे आणि शनिवारीं तो कटाक्षानें बंद ठेवणारे हे मराठी यहुदी. यांचीं आडनांवेंहि दिवेकर, केहिमकर, पेणकर अशीं आपल्याच गांवांवरून पडलेलीं. १९४८ सालीं इस्राएलचें राज्य स्थापन झाल्यावर यांतील बहुतेक कुटुंबें क्रमाक्रमानें तिकडे गेलीं, पण जातांना मराठी बरोबर घेऊन गेलीं. ‘मायबोली’ या नांवाचें मराठी नियतकालिक त्यांनीं तिकडे काढलें, यांत सर्व आलें. तर या विवाहांतील वर इस्राएलचाच, परंतु त्याचें घराणें मूळ पोलंडकडचें. धर्म एक, ग्रंथ एक, प्रार्थनेची हिब्रू भाषा एक. असें असूनहि लग्नांत काय वाजवावें याविषयीं दोन्ही घरांत एकवाक्यता होईना. वरपक्षास आपल्या पद्धतीचीं फिडल व क्लॅरिनेट हवीं होतीं. त्यांनीं नमुन्यादाखल धाडलेलें वादन ऐकून वधूच्या आजीबाई म्हणाल्या, “अरे, हें रडगाणें लग्नांत कशाला?” आणि घरांतील तरुण मंडळींनीं दोघांसहि गप्प करण्याकरितां अर्थात् यंत्राचाच तोडगा काढला. तेव्हां वधूपिते आमच्याकडे आले. “गुरुजी, आपण आम्हांला संस्कृत शिकवलंत, पेटीही वाजवतां. यांतून वाट सांगा.” यहुदी धर्मशास्त्रांत मत देण्याचा आमचा अधिकार नाहीं, हें आम्हीं त्यांस प्रथमच सांगितलें. परंतु त्या निमित्तानें आम्हीं बरेंच वाचलें, त्यांच्या हज्जानांशीं, म्हणजे प्रार्थना चालविणाऱ्या गृहस्थांशीं, दोन वेळां बसून बोललों, आणि जें हातीं आलें तें इतकें मनोवेधक वाटलें कीं तें आमच्या वाचकांपुढें ठेवल्यावांचून राहवत नाहीं.

यहुद्यांचें यरुशलेम येथील मंदिर इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें उध्वस्त केलें. त्या मंदिरांत गायन-वादनाची सेवा लेवी नांवाच्या वंशाकडे परंपरेनें चालत आलेली होती. मंदिरच गेल्यावर वाद्यांचा आनंद आतां आपणांस शोभत नाहीं, असें त्यांच्या शास्त्रकारांनीं ठरविलें. त्याच युद्धाच्या काळांत वरांनीं मुकुट घालूं नये व लग्नांतील एक डफवजा वाद्यहि वाजवूं नये, असा निर्बंध झाल्याचें ‘मिश्ना’ या प्राचीन ग्रंथांत नमूद आहे. आपल्याकडे बाशिंग आणि वाजंत्री हीं एकाच दिवशीं बंद झालीं तर घरोघर काय वाटेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. पण वधूवरांस आनंदविणें हेंहि यहुदी शास्त्राप्रमाणें मोठें धर्मकृत्य आहे. मंदिराचा शोक पाळावा तर वधूवरांचा आनंद उणा पडतो, आणि आनंद करावा तर शोक मोडतो. या पेंचांतून पुढील शास्त्र्यांनीं असा मार्ग काढला कीं, चैनीच्या मेजवान्यांत वाद्यें नसावींत, विवाहांत मात्र असावींत. सोळाव्या शतकांत योसेफ कारो यांनीं रचलेल्या ‘शुलखान आरुख’ या आचारग्रंथांत या शोकाचे नियम आहेत, आणि त्यांवर क्राको येथील मोझेस इसर्लेस यांनीं विवाहासारख्या धर्मकार्यास मोकळीक असल्याची टीप जोडली आहे. म्हणजे यहुदी लग्नांतील वाद्य ही नुसती हौस नव्हे. तो एका सार्वकालिक सुतकांत शास्त्रानें दिलेला अपवाद आहे. ही गोष्ट ध्यानांत आल्यावर वरपक्षाचें फिडल व आजीबाईंचें रडगाणें या दोहोंकडे पाहण्याची आमची दृष्टि पार बदलली.

हा अपवाद त्या लोकांनीं किती मोलाचा मानला याची एक कथा आहे. जर्मनींतील माइन्झ येथें याकोब मोलीन नांवाचे मोठे रब्बी होऊन गेले. ‘महारील’ या नांवानें ते ओळखले जातात व १४२७ सालीं ते निवर्तले. तेथील अधिपतीच्या निधनामुळें एकदां वाद्यांस सरकारी बंदी झाली, आणि नेमकें त्याच वेळीं एक लग्न ठरलेलें होतें. वाद्यांवांचून उरकून घ्यावें काय, असें विचारतां महारील यांनीं सांगितलें कीं, वधूवरांचा आनंद मुख्यतः वाद्यांनींच होतो. तेव्हां सर्व मंडळींनीं हद्द ओलांडून शेजारच्या मुलुखांत जावें व तेथें वाजतगाजत लग्न लावावें. घरची मांडामांड मोडून परगांवीं वऱ्हाड नेणें म्हणजे काय, हें ज्यांनीं एक तरी कार्य केलें आहे त्यांस सांगावयास नको.

उलट बाजूहि आहे. खुद्द यरुशलेमांत एकोणिसाव्या शतकांत रोगाची सांथ आली तेव्हां तेथील रब्बींनीं शहराच्या आंत लग्नांत वाद्यें वाजविण्यास मनाई केली. ढोल आणि मानवी कंठ एवढेच राहूं दिले. कांहीं जुन्या वळणाचीं कुटुंबें तो निर्बंध आजहि पाळतात, आणि ज्यांस फिडल हवें असेल तीं शहराबाहेर लग्न करतात. येमेनच्या यहुद्यांनीं तर सुरांचीं वाद्यें वर्ज्यच मानलीं. तेथें स्त्रिया ढोलक्यावर आणि तांब्याच्या परातीवर ताल धरून गातात. आम्हीं तें गायन मुद्रित स्वरूपांत ऐकलें. नुसत्या परातीवर इतकें बारीक बोल निघतात, हें आमच्या तबलजी मित्रांसहि खरें वाटलें नाहीं.

काळाचे नियम आपल्यासारखेच आहेत. वल्हांडण सण व त्यानंतरचा सप्तकांचा सण यांमधील सात आठवड्यांत, तेहेतिसाव्या दिवसासारखे अपवाद सोडून, बहुतेक समाज लग्न करीत नाहींत. उन्हाळ्यांतील मंदिरनाशाच्या तिथीपूर्वींचे तीन आठवडेहि वर्ज्य. शनिवारीं म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीं तारे दिसेपर्यंत वाद्यास हात लावावयाचा नाहीं. वाजवितां वाजवितां तार तुटली तर वादक ती दुरुस्त करावयास बसेल आणि शब्बाथचा विसावा मोडेल, असें त्याचें कारण शास्त्रांत दिलेलें आहे. शास्त्रकारांस वादकांचा स्वभाव चांगला ठाऊक असावा.

आतां मुख्य विधीकडे वळूं. पोलंड व युक्रेनकडील पद्धतींत वधू शृंगारलेल्या आसनावर बसते. वर मित्रमंडळींसह गातवाजत तिच्याकडे येतो, तिचें मुख पाहतो आणि स्वतःच्या हातानें तिच्यावर पदर ओढतो. राखेल म्हणून लेआ गळ्यांत पडली ती याकोबाची जुनी फसवणूक पुन्हां होऊं नये, असें त्याचें कारण सांगतात. मग चार काठ्यांवर ताणलेल्या वस्त्राच्या खुप्प्याखालीं, पुष्कळदां उघड्या आकाशाखालीं, प्रथम वर व मागून वधू येते. वधू वराभोंवतीं सात प्रदक्षिणा घालते, क्वचित् तीन. येथपर्यंत वाद्यें चालतात. त्यानंतर द्राक्षरसाच्या पेल्यावरील आशीर्वचन, मुद्रिका, अरामी भाषेंतील ‘केतुबा’ या करारपत्राचें वाचन आणि सात आशीर्वाद, हा सर्व भाग केवळ मानवी कंठाचा. शेवटीं वराच्या पायाखालीं कांचेचा पेला ठेवतात. तो फुटल्याचा आवाज म्हणजे मंदिराच्या नाशाचें स्मरण. आणि त्या आवाजाबरोबर सर्व मंडळी ‘माझल तोव’ म्हणून ओरडतात व वाद्यें एकदम उसळतात.

आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावलें तें या क्षणानें. शोकाचें स्मरण आणि आनंदाचा आरंभ यांत श्वास घेण्याइतकेंहि अंतर नाहीं. वादकानें येथें दोन पळें उशीर केला तर तो नुसता फुटका पेला राहतो. घाई केली तर स्मरण झाकून जातें. म्हणून या जागीं यंत्र चालणार नाहीं, हें आमचें ठाम मत झालें. वराचा पाय पाहूं शकेल असाच वादक तेथें हवा.

असे वादक पूर्व युरोपांत पिढीजात होते. त्यांस ‘क्लेझमेर’ म्हणत. मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ ‘गाण्याचें साधन’ म्हणजे वाद्य असा; पुढें तें नांव वाद्यावरून वादकास लागलें, आणि विसाव्या शतकांत वादकावरून त्या संगीतास. अग्रभागीं फिडल, साथीस दुसरें फिडल, आपल्या संतुराच्या जातीचें लहान कांड्यांनीं वाजविण्याचें ‘त्सिंबल’ आणि खर्जास मोठें तंतुवाद्य, असा त्यांचा जुना ताफा असे. क्लॅरिनेट एकोणिसाव्या शतकांत पुढें आलें. बाप, मुलगे, जांवई असा एकेक ताफा बने. त्यांची आपसांत बोलण्याची एक गुप्त बोलीहि होती, म्हणजे यजमानाच्या देखत यजमानाच्या चिकटपणाची चर्चा करतां येई. गांवांत त्यांच्यावांचून पान हालत नसे, पण प्रतिष्ठित घरचा बाप आपली मुलगी वाजंत्र्यास देण्यास राजी नसे. आपल्या वाजंत्र्यांची कथा याहून फारशी निराळी नाहीं, आणि ती आपणांस भूषणावह आहे असेंहि नाहीं. बर्डिचेव्हच्या एका प्रसिद्ध फिडलवादकावरून शोलेम आलेखेम यांनीं १८८८ सालीं ‘स्टेम्पेन्यू’ ही कादंबरी लिहिली, इतकें त्या वादकांचें वलय होतें.

त्यांच्या जोडीस ‘बदखन’ नांवाचा शीघ्रकवि असे. वधू आसनावर बसली कीं तो यमकांत तिला माहेरची, आईच्या मायेची, पुढील संसाराच्या जबाबदारीची आठवण देई, दिवंगत वडील माणसांचीं नांवें घेई, आणि फिडल त्याच्या प्रत्येक ओळीमागून उसासा टाकी. सर्व स्त्रिया मनसोक्त रडून घेत. मग तोच बदखन जेवणाच्या वेळीं त्याच मंडळींची हसून हसून मुरकुंडी वळवी. व्हिल्ना येथील एल्याकुम झुन्झर हा या कलेंतील नामांकित पुरुष. तो १८८९ सालीं न्यूयॉर्कास गेला व १९१३ सालीं वारला. आजीबाईंस जें रडगाणें वाटलें तें याच प्रसंगाचें होतें. लग्न लागल्यानंतरचें नव्हे. वरपक्षानें नमुना धाडला तो बिनखुलाशाचा, तेथेंच सर्व घोटाळा झाला. आपल्याकडील मुलीची पाठवणी कोणीं परदेशस्थास नुसती ऐकविली, तर त्यासहि घरांत कांहीं अशुभ घडलें असेंच वाटेल.

प्रसंगागणिक त्यांच्याकडे निरनिराळ्या चिजा होत्या: व्याह्यांस सकाळीं सामोरें जातांना एक, रात्रीं निरोप देतांना एक, रस्त्यानें पाहुण्यांस घरीं पोंचवितांना एक. ‘ब्रोयगेस’ नांवाचा एक नाच आहे. त्यांत दोघी विहिणी रुसल्याचें सोंग करून पाठी फिरवितात, सूर त्यांच्या रुसव्याबरोबर अडखळतो, आणि मग समजूत पटून त्या हातांत हात घालतात. आमच्या घरीं ही हकीकत वाचून दाखविली तेव्हां आंतून शेरा आला कीं, आपल्याकडे तो नाच वाद्यांशिवायच होतो.

स्वरांविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून लेखणी पुढें जात नाहीं. त्यांचें एक आवडतें स्वरसप्तक आहे. त्यांत रिषभ, धैवत व निषाद कोमल आणि गंधार शुद्ध, मध्यमहि शुद्ध. आमच्या संगीतज्ञ वाचकांनीं बसंत मुखारी आठवावा. पेटीवर तें सप्तक धरून पाहतां कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर जी उडी बसते तिच्यांत हुरहूर आणि उल्हास दोन्ही एकदम आहेत. अर्थात् स्वर सारखे म्हणजे राग सारखा असें कोणीं समजूं नये; चलन, विसांव्याच्या जागा, कंप, सर्व निराळें. फिडलवाला कंठ दाटून आल्यासारखा जो एक तुटक स्वर काढतो तो कोणत्याहि स्वरलिपींत लिहितां येणार नाहीं. तो ऐकून ऐकूनच घ्यावा लागतो, आणि म्हणून देणारा माणूस जिवंत असावा लागतो.

दुर्दैवानें देणारेच नाहींसे झाले. १९३९ ते १९४५ या काळांत नाझींनीं पूर्व युरोपांतील यहुद्यांचा जो संहार केला त्यांत गांवेंच्या गांवें गेलीं, आणि त्यांबरोबर लग्नें लावणारे, गाणारे, वाजविणारेहि. युक्रेनमधील मोइसेई बेरेगोव्स्की (१८९२–१९६१) यांनीं त्यापूर्वीं गांवोगांव हिंडून मेणाच्या नळकांड्यांवर वादकांचे सूर टिपून ठेवले होते. या विद्वानास १९५० सालीं सोव्हिएट सरकारनें पकडून सायबेरियाकडील छावणींत धाडलें. ते १९५५ सालीं सुटले. त्यांचा वाद्यसंगीताचा ग्रंथ निघाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ सालीं. नळकांडीं नष्ट झालीं असेंच सर्व धरून चालले होते, तीं पुढें कीव्ह येथील ग्रंथालयांत सांपडलीं. दुसरीकडे १९२१ सालीं न्यूयॉर्कास गेलेले क्लॅरिनेटवादक डेव्ह टारास हे १९८९ पर्यंत जगले, आणि १९७० नंतर अमेरिकेंतील कांहीं तरुण या वृद्धाच्या पायाशीं बसून शिकले. आज जें क्लेझमेर जगभर ऐकूं येतें त्याचा धागा असा दोनचार माणसांच्या हातून सुटतां सुटतां राहिलेला आहे. वरपक्षाच्या आग्रहास हें कारण होतें. त्याच्या पणजोबांच्या गांवचें आतां दुसरें कांहींच शिल्लक नव्हतें.

परंतु फिडल म्हणजेच यहुदी संगीत, हा जो समज सिनेमांनीं पसरविला आहे तोहि तितकाच चुकीचा. १४९२ सालीं स्पेनमधून हांकलले गेलेले यहुदी तुर्कस्थान, ग्रीस, मोरोक्को इकडे पांगले; त्यांच्या स्त्रिया जुन्या स्पॅनिश वळणाच्या बोलींत लग्नगीतें गात व डफावर ठेका धरीत. कोचीनच्या यहुदी स्त्रियांनीं मल्याळम् गीतें वह्यांत उतरून लेकीसुनांस दिलीं व तीं लग्नांत म्हटलीं. आणि आमचे बेने इस्राएल? यांच्याकडे आदल्या रात्रीं मेंदी असते, हिंदु कथेकऱ्यांपासून उचललेलें पण बायबलांतील आख्यानें सांगणारें मराठी कीर्तनहि यांनीं एकोणिसाव्या शतकांत सुरू केलें. मात्र या सर्वांहून आगळी अशी त्यांची एक रीत आहे. वधू प्रार्थनामंदिराच्या दारांतून आंत येऊं लागली कीं समोर उभा असलेला वर तिच्याकडे तोंड करून स्वतः ‘योनाती’ हें हिब्रू गीत गातो. योनाती म्हणजे ‘माझी कपोती’. पार्श्वभूमीस वाद्य नाहीं, भाड्याचा गवई नाहीं. ज्याचें लग्न, त्याचाच गळा. बरा असो, वाईट असो.

ठाण्याच्या विवाहांत खरा पेंच येथें होता, आणि तो कोणींच बोलून दाखवीत नव्हतें. पोलिश घराण्यांतील वरास हें गीत येत नव्हतें. वरपक्षाचें म्हणणें, त्या जागीं फिडलवर त्याची चाल वाजवावी, म्हणजे दोन्ही घरांची रीत राहील. सूचना सद्भावनेची होती, आणि प्रथमदर्शनीं आम्हांसहि ती ग्राह्य वाटण्याजोगी होती, पण आजीबाईंनीं विचारलें, “वाजविणाऱ्यानेंच बोलवायचं, तर नवरा उभा कशाला?” या प्रश्नास उत्तर नव्हतें. आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास इतकेंच सांगितलें कीं, दोन घरांच्या रीती एकमेकींत कालवूं नका. प्रत्येकीस तिची जागा द्या. वरानें गीत शिकावें. फिडल व क्लॅरिनेट यांनीं अंगणांत राहावें: वर येतांना, आणि पेला फुटल्यानंतर. हज्जानांनींहि आंत केवळ कंठ व बाहेर वाद्यें ही वांटणी पसंत केली. मेंदीच्या रात्रीं पेटी-ढोलकी व बायकांचीं मराठी गाणीं. यंत्रास सुट्टी.

वधूचे चुलत आजोबा इस्राएलांतच राहतात; त्यांनीं वरास समोर बसवून चार महिने तें गीत घोंकून घेतलें. म्हातारे गृहस्थ उच्चारांत कडक. वर हिब्रू जन्मभाषा म्हणून बोलणारा, तरी कोंकणी वळणाचा हिब्रू उच्चारच या चालींत बसतो, असा त्यांचा हट्ट. तो मुलानें मानला, हें आम्हांस विशेष वाटलें. १८७९ सालीं बांधलेल्या त्या प्रार्थनामंदिरांत वधू दाराशीं आली तेव्हां त्यानें सूर लावला. मध्येंच एके ठिकाणीं त्याचा आवाज कांपला, तेव्हां बांकांवरील वृद्ध मंडळींनीं हळूच साथ धरली व तो सांवरला. बाहेरील दोघे वादक वराचे आप्त होते; त्यांपैकीं एकास दाराच्या चौकटीशीं उभें केलें होतें, म्हणजे पेल्याचा आवाज होतांच तो दुसऱ्यास खूण करील. खूण वेळेवर झाली. आजीबाईंचें मत मात्र शेवटपर्यंत बदललें नाहीं. रडगाणें तें रडगाणेंच, पण जेवतांना चालेल, एवढी सवलत त्यांनीं दिली.

ज्यांच्या घरीं असें कार्य निघेल, किंवा आपल्याच एकाद्या आप्ताचा संबंध अशा घराण्याशीं जुळेल (आतां ही गोष्ट नवलाची राहिलेली नाहीं), त्यांस उपयोगीं पडतील अशा आणखी कांहीं बारीकसारीक गोष्टी सांगून ठेवतों. वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ नाटकांतील वधूप्रवेशाचें संगीत मुंबईचे बँडवाले कोणाच्याहि लग्नांत वाजवितात. यहुदी घरीं तें वाजवूं देऊं नये. तें नाटक १८५० सालीं रंगभूमीवर आलें आणि त्याच सालीं त्याच कर्त्यानें यहुद्यांच्या संगीताची निंदा करणारा निबंध टोपणनांवानें प्रसिद्ध केला. हें त्या समाजांत पुष्कळांस ठाऊक असतें. ‘हावा नागीला’ हें सर्वांस माहीत असलेलें गाणें नाचाचें आहे, विधींतील नव्हे. त्याची चाल जुन्या हसीदी पंथांतील असून त्यास आजचें रूप आब्राहम इदेलसोन यांनीं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास यरुशलेमांत दिलें. हसीदी घराणें असेल तर शब्दावांचून गावयाचे ‘निगून’ त्यांस अत्यंत प्रिय असतात. खबाद पंथाचे लोक आपले आद्य गुरु श्नेऊर झल्मान (१७४५–१८१२) यांची चार खंडांची चाल विवाहाच्या वेळीं म्हणतात, आणि तेथें साथीचा आग्रह धरूं नये.

विधीपुरते दोन वादक पुरेत. मोठा ताफा नाचासाठीं ठेवावा. उघड्यावर खुप्पा असेल तर एकटें फिडल वाऱ्यांत हरवतें, त्यास क्लॅरिनेटचा किंवा अकॉर्डियनचा आधार द्यावा. ध्वनिक्षेपक शक्य तों टाळावा. हज्जानांच्या सात आशीर्वादांवर त्याची घरघर बसली तर सर्व श्रम फुकट जातात. प्रदक्षिणांस किती वेळ लागेल हें कोणीच सांगूं शकत नाहीं, कारण वधूचा पायघोळ वेष व पायाखालील जाजम यांवर तें अवलंबून असतें. म्हणून तेथें लांबवितां येईल व कोठेंहि सोडतां येईल अशी संथ चाल निवडावी. शनिवारीं रात्रीं लग्न असेल तर वादकांस वाद्यें जुळविण्यास तारे दिसल्यानंतर पाव तास तरी मिळेल अशी वेळ धरावी. आणि त्यांच्या जेवणाची व्यवस्था अगोदर सांगून ठेवावी. यहुद्यांचे आहाराचे नियम कडक असल्यामुळें, आयत्या वेळीं बाहेरून डबा मागवून त्यांस मांडवांत जेवावयास बसवितां येत नाहीं, आणि नाच सुरू झाला कीं त्यांस दोन तास उठतां येत नाहीं.